मुक्या रुग्णाची प्रश्नावली

रुग्णाने बोलावे आणि वैद्याने ऐकावे, या गृहीतकावर होमिओपथीची सारी उभारणी झालेली आहे. डोके दुखते एवढे सांगून तेथे भागत नाही. ते कोणत्या बाजूला दुखते, सकाळी की संध्याकाळी, दाबल्याने बरे वाटते की दुखणे वाढते, दुखत असताना एकटे राहावेसे वाटते की कोणी जवळ हवे असते, हे सगळे सांगावे लागते. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत मोहात पाडते याचे कारण उघड आहे. तेथे रोगापेक्षा रोग्याच्या कथनाला महत्त्व असते आणि कथन म्हटले की आपले कान टवकारतात. मात्र रुग्ण म्हणून दारात म्हैस उभी असेल तर कथन कोणी करायचे? तिला एकटे राहावेसे वाटते की नाही हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे?

हा प्रश्न माझ्यापुढे एखाद्या चर्चासत्रातून आला नाही. २०१९ च्या आरंभी उल्हासनगरातील काही होमिओपथी डॉक्टरांनी एका इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर करून द्याल का, असे विचारले तेव्हा तो आला. प्रश्नावली जनावरांच्या मालकांसाठी होती. "मॅडम, तुम्ही मराठीच्या. तुमच्यासाठी दोन दिवसांचं काम," असे मला सांगण्यात आले. त्या दोन दिवसांची पुढे तीन-साडेतीन वर्षे झाली. त्या काळात जे पाहिले आणि ऐकले त्याविषयी थोडे लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

मी राहते बदलापुरात आणि शिकवते उल्हासनगरात. मध्ये अंबरनाथ लागते. रोज लोकलने ये-जा करणाऱ्याला ही तीन गावे म्हणजे इमारतींची एक सलग रांग वाटते आणि या रांगेत जनावरे कोठून आली, असा प्रश्न पडतो. पण बदलापूर या नावाचीच एक लोकव्युत्पत्ती जनावरांशी जोडलेली आहे. शिवकाळात दूरच्या स्वारीवर निघालेल्या स्वारांचे थकलेले घोडे येथे बदलले जात, म्हणून बदलापूर. ती खरी की खोटी याचा निकाल लावण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु थकलेला घोडा येथे सोडून ताजा घेऊन पुढे जायचे, तर मागे राहिलेल्या घोड्याची निगा राखणारे कोणीतरी गावात असणारच, हा विचार मला त्या व्युत्पत्तीपेक्षाही अधिक मोलाचा वाटत आलेला आहे. शालिहोत्रावरून हिंदुस्थानीत 'सालोतरी' हा घोड्यांच्या वैद्याचा शब्द आला. त्या निगा राखणाऱ्याला आमच्या गावात काय म्हणत असतील, कोण जाणे. स्वारांची नावे इतिहासात राहतात, त्याचे राहत नाही.

उल्हासनगरचे मूळ वेगळे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी, मग फाळणीनंतर तेथे आणून वसवलेले सिंधी निर्वासित, आणि १९४९ साली मिळालेले नदीवरून ठेवलेले नाव. तेथील लोक आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात. पण या तिन्ही गावांच्या कडेने, औद्योगिक वसाहतीच्या मागे, नदीकाठाने, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला, अजून तबेले आहेत, आगरी आणि कुणबी घरांच्या मागे दोन-तीन म्हशी आहेत, शर्यतीचे बैल आहेत आणि आता इमारतींच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर असंख्य कुत्री आहेत. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे यात्रा भरते. तेथील बैलबाजार पाहिला म्हणजे मुंबईपासून दोन-अडीच तासांवर आपण कोणत्या जगात राहतो याचे भान येते. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या काळात बैलांच्या किमती कशा खाली-वर झाल्या, याची कथा आमच्या भागातील कोणताही शेतकरी तासभर सांगेल. पण तो विषय निराळा.

ज्यांनी मला भाषांतर सांगितले त्यांचा एक अभ्यासवर्ग होता. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका दवाखान्याच्या पोटमाळ्यावर महिन्यातील दोन रविवारी तो भरत असे. वर्गाचे ज्येष्ठ म्हणजे एक सिंधी डॉक्टर. वडिलांनी छावणीत गोळ्यांची पेटी घेऊन सुरू केलेली वैद्यकी त्यांनी पदवी घेऊन पुढे चालवली. त्यांच्यासोबत तीन-चार तरुण होमिओपथ, अंबरनाथला कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवणारी एक तरुण पशुवैद्य आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक पशुधन पर्यवेक्षक. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांना होमिओपथीतले काही कळत नव्हते आणि ते तसे मोकळेपणाने सांगत. ते येत, कारण निवृत्तीनंतर जनावरांविषयी बोलायला दुसरी जागा त्यांना उरली नव्हती.

या मंडळींना वर्ग का भरवावा लागत होता, हे समजून घेतले पाहिजे. होमिओपथीची पदवी साडेपाच वर्षांची आणि पशुवैद्यकाची पदवीही साडेपाच वर्षांची. पहिलीत शरीररचना शिकवतात ती माणसाची. दुसरीत गायीची चार कप्प्यांची पोटरचना शिकवतात, पण होमिओपथी हा तेथे स्वतंत्र विषय नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. पदविकाधारकांना राज्य सरकारच्या आदेशाने, पशुवैद्याच्या देखरेखीखाली, किरकोळ सेवा देता येतात. म्हणजे ज्याला होमिओपथी येते त्याला म्हशीला हात लावण्याचा अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याला होमिओपथी शिकवलेली नाही. औषधाची गोष्ट मात्र वेगळी. १९४० च्या औषध कायद्यातील 'औषध' या शब्दाच्या व्याख्येत माणसांबरोबर जनावरेही आहेत, त्यामुळे जनावरांसाठीच्या होमिओपथिक थेंबांच्या बाटल्या दुकानात राजरोस मिळतात. बाटलीला परवाना आहे, ती देण्याचे शिक्षण मात्र कोठेच नाही. ही पोकळी मग रविवारचे वर्ग, टपालाने येणारी प्रमाणपत्रे आणि जॉर्ज मॅक्लिऑड या ब्रिटिश पशुवैद्याच्या गुरांवरील पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती यांनी भरून निघते. युरोपात असे नाही. पशुवैद्यकीय होमिओपथीची आंतरराष्ट्रीय संघटना १९८६ साली स्थापन झाली आणि तेथील प्रशिक्षण आधीच पशुवैद्य असलेल्यांसाठी असते. आमच्या पोटमाळ्यावर त्या अर्थाने एकच पात्र विद्यार्थिनी होती, आणि ती सर्वांत साशंक.

आता प्रश्नावलीकडे येते. इंग्रजी प्रश्नावली बहुधा युरोपातील घोड्यांसाठी आणि पाळीव कुत्र्यांसाठी तयार झालेली असावी. रुग्णाचा स्वभाव, त्याची भीती, त्याचे दु:ख, त्याला झालेला अपमान, असे रकाने तीत होते. 'अपमान' हा शब्द म्हशीच्या संदर्भात मराठीत लिहिताना माझे पेन थांबले. दोन रविवार मी शब्दकोश घेऊन बसले आणि मग कंटाळून सासूबाईंना विचारले. आमच्या घरी १९९५ पर्यंत म्हशी होत्या, आता त्या गोठ्याच्या जागी सात मजली इमारत उभी आहे. सासूबाईंना 'अपमान' सांगून उपयोग नव्हता. मी विचारले, म्हैस रुसते का? त्या म्हणाल्या, "रुसते कशाला? पान्हा चोरते."

येथून खरे काम सुरू झाले. पान्हा चोरणे हा वाक्प्रचार आपण आईच्या मायेविषयी बोलताना सहज वापरतो, पण गोठ्यात ती एक नेमकी शारीरिक घटना आहे. कास भरलेली असते, दूध असते, आणि जनावर ते सोडत नाही. धार काढणारा हात बदलला, वासरू मेले, जागा बदलली, की असे होते. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. तबेल्यांत पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याचा गैरप्रकारही सर्वांना ठाऊक आहे. होमिओपथ याच प्रसंगी इग्नेशिया देतो, कारण माणसांत ते शोकाचे औषध मानले जाते. पेंढ्याचे वासरू, सुई आणि साखरेची गोळी, या तिन्हींमागे एकाच निरीक्षणाची तीन निरनिराळी वाचने आहेत. सासूबाईंचे वाचन सर्वांत साधे होते. त्या म्हशीच्या कानाशी बोलत बसत.

पुढे शब्दांची रीघच लागली. चारा सोडणे आणि चारा निवडून खाणे यांत फरक आहे. रवंथ बंद होणे ही सर्वांत आधी सांगायची गोष्ट आहे. कान पडणे, डोळा खोल जाणे, नाकपुडी कोरडी पडणे, पाठ कमानीसारखी होणे, मान टाकणे, पोटाकडे वळून वळून पाहणे, कासेला हात लावू न देणे, वार अडकणे, माजावर येऊनही न ओरडणे (म्हशीत याला 'मुका माज' म्हणतात), बुजणे आणि बिथरणे यांतला भेद. मोल्सवर्थचा कोश काढला तर १८५७ च्या त्या आवृत्तीत गोठ्याच्या शब्दांची श्रीमंती आढळली. आपल्या अलीकडच्या कोशांनी या शब्दांकडे पाठच फिरवलेली दिसते. कासेच्या दाहाला आमच्याकडे 'दगडी' म्हणतात, कारण सड आणि कास दगडासारखी टणक होते. होमिओपथीच्या ग्रंथांत फायटोलॅक्का या औषधाखाली स्तनाच्या दगडासारख्या कठीणपणाचे वर्णन आहे. हे जुळल्यावर सिंधी डॉक्टरांचा चेहरा उजळला. "देखो मॅडम, आपके गाँववालों ने पहले ही औषध लिख रखा है!" शब्द जुळला म्हणजे औषध जुळले असे होत नाही, हे मी त्यांना म्हटले नाही. अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंनी म्हटले.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर' या १९८२ सालच्या पुस्तकाची मला या काळात फार आठवण होत असे. वानरांच्या टोळ्यांविषयीचे ते लेखन वाचताना जाणवते ते हे की, लेखक आधी काय दिसले ते सांगतो आणि मगच, काही अर्थ काढायचा असेल तर, तो काढतो. आमच्या प्रश्नावलीचीही हीच अट ठरवावी असे मी सुचवले. 'जनावर दु:खी आहे का?' हा प्रश्न काढून टाकायचा आणि 'कळपापासून वेगळे उभे राहते का? कधीपासून?' हा घालायचा. चार-पाच रविवार वाद झाला, पण ही सूचना स्वीकारली गेली. दादा खूश झाले. सरकारी नोकरीत आपल्याला कोणी गुरे बघायला शिकवले नाही, रकाने भरायला शिकवले, असे ते म्हणत.

होमिओपथीत नोंदीची ही शिस्त नवी नाही. मुंबईचे डॉ. एम. एल. धवले यांनी रुग्णाची हकिकत ठरावीक साच्यात नोंदवण्यावर भर दिला आणि त्यांच्या परंपरेतले पालघरचे ग्रामीण रुग्णालय तर आमच्या पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातलेच. जनावरांविषयीचा विचारही संस्थापकापासून आहे. हानेमानने लाइपझिगच्या वास्तव्यात जनावरांच्या होमिओपथिक उपचारांवर एक व्याख्यान लिहिले होते. त्याचे हस्तलिखित पुढे तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाले. त्याच शहरातील विल्हेल्म लुक्स या पशुवैद्याने १८३३ साली रोग्याच्या स्रावापासूनच औषध बनवण्याची कल्पना मांडली. ब्योनिंगहाउझेन हा तर मुळात कायद्याचा माणूस. तो माणसांबरोबर जनावरांनाही औषधे देई, आणि प्रशियाच्या राजाने १८४३ साली त्याला वैद्यकीची खास परवानगी दिली. परवानगीचा प्रश्न आमच्या पोटमाळ्याइतकाच जुना आहे, एवढाच याचा मथितार्थ. बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी संथाळांना होमिओपथीची औषधे दिली. पदवीविना केलेल्या वैद्यकीचे ते आदरणीय उदाहरण सिंधी डॉक्टर वारंवार देत. पण विद्यासागरांचे रुग्ण बोलू शकत होते.

गोळीने जनावर बरे होते का? मी भाषेची शिक्षिका, माझ्या मताला येथे किंमत नाही. ज्यांच्या मताला आहे त्यांनी काय पाहिले ते सांगते. नॉर्वेत २००४ साली कासदाह झालेल्या गायींवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना होमिओपथी, काहींना प्रतिजैविके, काहींना नुसतीच निष्क्रिय गोळी. होमिओपथी आणि निष्क्रिय गोळी यांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. मॅथी आणि क्लाउसेन यांनी २०१४ साली जनावरांवरील अशा चाचण्यांचा आढावा घेतला. विश्वासार्ह म्हणता येतील अशा चाचण्या त्यांना फारच थोड्या मिळाल्या आणि त्यांवरून ठाम निष्कर्ष काढणे शक्य नाही, असे त्यांनी लिहिले. वर्गातली तरुण मंडळी २०१० च्या डच चाचणीचा दाखला देत. डुकरीच्या पिलांच्या अतिसारावर तीत होमिओपथीच्या बाजूने निकाल आला होता. एक चाचणी एका पारड्यात आणि उरलेल्या दुसऱ्यात, असे ते तराजूचे चित्र होते. ३० पोटेन्सीच्या औषधात मूळ द्रव्याचा एक कणही उरण्याची शक्यता जवळजवळ शून्य, हा रसायनशास्त्राचा आक्षेप तर अकरावीच्या विद्यार्थ्यालाही समजतो.

मग 'जनावराला थोडाच विश्वास असतो, तरी ते बरे होते' या नेहमीच्या युक्तिवादाचे काय? मलाही तो बराच काळ बिनतोड वाटत असे. २०१२ साली अमेरिकेत लंगड्या कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासाने त्याचे उत्तर दिले आहे. निष्क्रिय औषध दिलेल्या कुत्र्यांच्या मालकांना आपले कुत्रे सुधारले असे वाटत होते. पायाखाली ठेवलेल्या यंत्रावर मात्र त्यांच्या पावलांचा भार पूर्वीइतकाच पडत होता. विश्वास कुत्र्याचा नव्हता, पाहणाऱ्याचा होता. ज्याच्या कथनावर सारे अवलंबून तो निवेदकच बदलला होता! अविश्वसनीय निवेदक हा आपण कथनमीमांसेच्या तासाला शिकवतो तो विषय; तो गोठ्यात असा भेटेल असे वाटले नव्हते.

तरीही तबेलेवाला गोळीकडे का वळतो, याचे कारण अंधश्रद्धा म्हणून झटकता येत नाही. प्रतिजैविकाची सुई दिली की काही दिवसांचे दूध टाकून द्यावे लागते, निदान द्यायला हवे. दहा म्हशींच्या धंद्यात एका म्हशीचे चार दिवसांचे दूध म्हणजे महिन्याच्या कमाईतला चांगलाच लचका, आणि ते टाकले जाते की कोणाच्या चहात जाते हे विचारू नये. गोळीला असे बंधन नाही. दूध विकत राहता येते. सेंद्रिय पशुपालनाच्या युरोपीय नियमांतही रासायनिक औषधांआधी वनौषधी आणि होमिओपथीला पसंती दिलेली आहे, फक्त 'त्यांचा परिणाम होत असेल तर' ही अट जोडून. ती अट तबेल्यापर्यंत पोचता पोचता गळून पडते. शिवाय सरकारी दवाखाना दूर, डॉक्टर फिरतीवर, आणि होमिओपथ फोन उचलतो. उचलतो एवढेच नव्हे, वीस मिनिटे ऐकतो. "कोणी तरी इचारतंय तरी," असे एका तबेल्यातल्या बाईंनी मला सांगितले.

वर्ग मोडण्याची वेळ आली ती एका पानावरून. प्रश्नावलीचे काम संपत आले असता डॉक्टरीणबाईंनी एक नवे पान जोडायला आणले. त्यावर सात-आठ लक्षणे होती आणि वर लिहिले होते की यांपैकी एक जरी दिसले तरी पुढचे प्रश्न विचारू नयेत, थेट पशुवैद्याला बोलवावे. पावसाळ्यात गळ्याखाली सूज, मोठा ताप आणि श्वासाची घरघर; म्हणजे घटसर्प, म्हशीचा तर एक-दोन दिवसांत जीव जातो. डावी कूस फुगून ढोलासारखी वाजणे. पोटफुगी, येथे हिशेब तासांचा. आवाज बदलून सारखे हंबरणे, लाळ गळणे, पाणी न गिळता येणे. कुत्रे चावल्याचे कोणाला आठवत असो वा नसो, घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालायचा नाही. आणि व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत म्हैस मान पोटाकडे वळवून बसून राहणे.

या शेवटच्या लक्षणाने माझ्या भाषांतराला हात घातला. या आजाराला पुस्तकी मराठीत 'दुग्धज्वर' म्हणतात, आणि इंग्रजीतही नावात ताप आहेच. वस्तुत: त्यात ताप नसतो, उलट कान आणि अंग थंड पडते, कारण रक्तातले कॅल्शियम घसरलेले असते. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की मेल्यागत पडलेली म्हैस बहुतेक वेळा थोड्याच वेळात उठून उभी राहते. दादांनी आयुष्यात हे शेकडो वेळा पाहिलेले, आणि प्रत्येक वेळी आपल्या हाताला यश आले असे वाटून घरी गेल्याचे ते सांगत. पण जो नावावरून औषध शोधणार तो 'ज्वर' वाचून तापाच्या औषधांची पाने उलटणार. मी तो शब्द खोडला आणि लिहिले, 'व्यायल्यावर बसलेली, थंड पडलेली म्हैस'. संस्कृत गेले, पण म्हशीचे निदान वाकडे जाणार नाही.

पान जोडण्याला कोणाचाच विरोध नव्हता. वाद होता ते कोठे जोडायचे यावर. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे, पहिले. सिंधी डॉक्टरांचे म्हणणे, शेवटचे. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. माणूस आपले दु:ख सांगायला येतो, त्याला दारातच 'येथे नाही, तिकडे जा' असे म्हटले तर तो पुढचे पान उघडणारच नाही, मग आपण शिकलो कशासाठी? पन्नास वर्षांची वैद्यकी केलेला माणूस हे बोलताना दुखावलेला दिसत होता. एका तरुण होमिओपथाने तडजोड सुचवली की पान सुटे ठेवावे. दादा तोपर्यंत गप्प होते. त्यांनी एवढेच विचारले, "सुटं पान गोठ्यात किती दिवस टिकतं, सर?"

मी मत द्यायचे नाही असे ठरवून गेले होते, मी भाषांतरकार. पण त्या दिवशी दिले. सासूबाईंनी लग्नाच्या वर्षीची एक म्हैस मला सांगितली होती. संध्याकाळी गळा सुजला, घरातल्या वडीलधाऱ्यांनी लेप लावला, धुरी दिली, रात्रभर तिच्याजवळ कंदील घेऊन बसले. तिच्या प्रत्येक हालचालीचे वर्णन पंचेचाळीस वर्षांनंतर सासूबाई इतक्या बारकाईने करतात की कोणत्याही प्रश्नावलीचे सगळे रकाने भरतील. पहाटे ती गेली. बघण्यात काही उणे नव्हते. मी हे सांगितले आणि पान पहिले असावे असे म्हटले. ते पहिले झाले. त्यानंतर सिंधी डॉक्टर दोन महिने वर्गाला आले नाहीत. पोटमाळ्याची किल्ली मात्र दर रविवारी खाली कंपाउंडरपाशी ठेवलेली असे.

छापील प्रश्नावली २०२० च्या आरंभी तयार झाली, लगेच टाळेबंदी आली आणि गठ्ठे तसेच राहिले. ते सुटले २०२२ मध्ये, लंपीच्या साथीत. ऑगस्टपासून राज्यात गायी-बैलांच्या अंगावर गाठी उठू लागल्या, गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्याची मोहीम निघाली. विड्याची पाने, मिरी, मीठ आणि गूळ यांचा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचवलेला पाला-मसाल्याचा उपायही घरोघर पोचला, आणि होमिओपथीचे थेंबही. वर्गाने तेव्हा काय करावे यावर फोनवरून बराच खल झाला. शेवटी सिंधी डॉक्टरांनीच सर्वांना कळवले की लस टोचून झालेली नसेल त्या घरी कोणीही बाटली द्यायची नाही. ते का बदलले हे मी विचारले नाही. दादांचे म्हणणे ते बदललेच नाहीत, त्यांना फक्त दारात हाकलून लावणे आवडत नव्हते.

प्रश्नावलीत दादांनी सवयीने 'बुळकांडी' हा रोग लिहिला होता. मी एम.ए.च्या वर्गात तो शब्द विचारला. एकाही विद्यार्थ्याला अर्थ सांगता आला नाही. शतकानुशतके गोठेच्या गोठे रिकामे करणारी ही साथ. १८६५ साली इंग्लंडात तिच्यावर होमिओपथीचे प्रयोग करण्यासाठी सरदार-उमरावांची एक मंडळी स्थापन झाली होती. तिचा नायनाट केला लसीने. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि २०११ साली सारे जग. रोग गेला आणि त्यामागोमाग शब्दही गेला. कोशकार म्हणून मला हळहळ वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

पशुवैद्य मुलीने आता ती प्रश्नावली आपल्या दवाखान्यात वापरायला घेतली आहे; औषधाचा रकाना तिने काढून टाकला, बाकी तशीच. उल्हासनगरचे डॉक्टर रकाना ठेवून वापरतात. नव्या आवृत्तीचे काम चालू आहे आणि पहिल्या पानावर गाठींच्या रोगाचे नाव काय घालावे, यावर अडले आहे. दादांना 'गाठींचा त्वचारोग' हवा आहे, सरकारी पत्रकात 'लंपी चर्मरोग' आहे. सासूबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "लंपीच की. दुसरं काय म्हणतात?"